सुट्टी नसलेलं काम : मधुमेहाच्या थकव्यामागची शंभर वर्षं

मीटर समोर असतो, पट्ट्यांची डबी भरलेली असते, बोटाला टोचायला काही सेकंद पुरतात हेही ठाऊक असतं. तरी हात पुढे होत नाही. आज नाही, उद्या बघू, असं करत आठवडा जातो. इन्शुलिन घेतलं जातं, पण अंदाजाने. डॉक्टरांकडची तारीख पुढे ढकलली जाते, कारण तिथे गेलं की आकडे विचारणार. मधुमेह सांभाळता सांभाळता माणूस अशा अवस्थेला येतो, तिला आता ‘डायबेटिस बर्नआउट’ म्हणतात. घरच्यांना तो आळस वाटतो, आणि ज्याच्यावर ती वेळ आलेली असते तो स्वतःला त्याहून वाईट काहीतरी म्हणत असतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं. कारण हा थकवा कसा घडत गेला याचा इतिहास पाहिला, तर त्या माणसाच्या स्वभावाचा त्यात फारसा हात दिसत नाही.

१९२२ पूर्वी या थकव्याला जागाच नव्हती. टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच होत नाही, तो झालेलं मूल फार दिवस जगत नसे. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा उपासमारीचा आहार होता, त्याने मृत्यू काही महिने, क्वचित दोन-तीन वर्षं लांबायचा, पण मूल अक्षरशः हाडांचा सापळा व्हायचं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं, म्हणजेच इन्शुलिनचं, पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते फारसं लागू पडलं नाही. पथकातले जीवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी त्या मुलाची साखर खाली आली. पुढच्याच वर्षी या शोधासाठी फ्रेडरिक बँटिंग आणि जॉन मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. जगाने याला चमत्कार म्हटलं. बँटिंग यांनी मात्र नोबेलच्या व्याख्यानात स्पष्ट सांगितलं की इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही, तो फक्त उपचार आहे. रोज करायचा आणि जन्मभर करायचा उपचार. आजच्या थकव्याची सुरुवात तिथून होते.

तो उपचार करायचा कोणी, हा प्रश्न लगेच उभा राहिला. दिवसातून दोन-तीन वेळा इंजेक्शन द्यायला रोज इस्पितळात कोण जाणार? काम घरी आलं आणि रुग्णाच्या किंवा त्याच्या आईच्या हाती पडलं. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेल्या सुईला दगडावर धार लावायची, प्रत्येक घास तराजूत तोलायचा. लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात तापवून रंग पाहायचा: निळा राहिला तर साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी झाला तर भरपूर साखर. तो रंगही काही तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा. आत्ता, या क्षणी रक्तात किती साखर आहे हे कुणालाच कळत नसे.

बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी या घरगुती कामाला शिस्त लावली. रुग्णांसाठी त्यांनी लिहिलेली मार्गदर्शिका इन्शुलिनच्याही आधी, १९१८ मध्ये आली होती. रुग्णाने स्वतःच्या आजाराचं शिक्षण घेतलं पाहिजे हा त्यांचा आग्रह काळाच्या फार पुढचा होता, आणि त्याने असंख्य लोक जगले. पण त्यांच्या शिकवणीत शिस्तीला नैतिक वजनही होतं. नीट वागणाऱ्याची साखर नीट राहते, म्हणजे साखर नीट नसेल तर वागणं नीट नसणार, असा उलटा हिशेब त्यातून लोकांच्या मनात रुजला. तो आजही दवाखान्यांत आणि घराघरांत चालू आहे. आपल्या भाषेतही बघा: पथ्य ‘मोडलं’ म्हणतो आपण. शपथ मोडते, नियम मोडतो, तसंच पथ्य.

मानसशास्त्राचीही फार मदत झाली नाही. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी दीर्घ दुःखाने मधुमेह होतो असं लिहून ठेवलं होतं. १९३०च्या दशकात मनोविश्लेषक ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ नावाची चीज शोधू लागले. नंतरच्या अभ्यासांत तसं काही टिकलं नाही. पण या शोधात कित्येक दशकं गेली, आणि मधुमेहाने मनाचं काय होतं हा सरळ प्रश्न मागेच पडला. एक गोष्ट मात्र लवकर झाली होती. १९३४ मध्ये लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि लेखक एच. जी. वेल्स यांनी मधुमेहींची संघटना काढली. दोघांनाही मधुमेह होता. हे ओझं एकट्याने वाहायचं नसतं, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांना आधीच कळलेलं होतं.

मोठा बदल आला तो मीटरने. १९७०च्या सुमारास रक्तातली साखर मोजणारं पहिलं छोटं यंत्र बाजारात आलं. ‘छोटं’ म्हणजे तेव्हाच्या मानाने. होतं चांगलं वजनदार, आणि ते दवाखान्यांसाठी होतं. स्वतः टाइप १ असलेले अभियंता रिचर्ड बर्नस्टीन यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर एक मिळवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजायला लागले. १९७८ पर्यंत ब्रिटिश डॉक्टरांनी घरच्या घरी तपासणी जमते आणि उपयोगाची ठरते हे दाखवून दिलं. याच काळात आणखी एक मोजमाप आलं. सॅम्युअल रहबर या संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला फरक टिपला होता. त्यातून पुढे एचबीए१सी ही तपासणी आली, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी.

या दोन्हींचं मोल कमी लेखायचं नाही. विटकरी रंगाच्या भरवशावर जगण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं. पण एरवी डॉक्टरकडे राहणारा आकडा आता घरात, जेवणाच्या ताटाशेजारी येऊन बसला. तो दिवसातून चार वेळा बोलू लागला, आणि दर तीन महिन्यांनी त्याचा निकाल लागू लागला. लोकांनी त्याला कसं तोंड दिलं हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसतं. रुग्णांना आकडे साठवून ठेवणारे मीटर दिले होते, पण ते साठवतात हे सांगितलं नव्हतं. नंतर वही आणि मीटर शेजारी ठेवून पाहिलं, तर अनेकांचे आकडे जुळेनात. काही रिडिंग वहीत उतरलीच नव्हती, काही कधी घेतलीच गेली नव्हती. संशोधकांनी याला अविश्वसनीय नोंदी म्हटलं. मला त्या वहीत भीती दिसते. शाळेतलं प्रगतिपुस्तक घरी दाखवायची असते, तशी.

मग १९९३ साल उजाडलं. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ असलेल्या १,४४१ जणांवर जवळपास दहा वर्षं चाललेल्या डीसीसीटी या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटाला नेहमीचे उपचार होते. दुसऱ्या गटाला दिवसातून किमान तीन इंजेक्शनं किंवा पंप, किमान चार वेळा रक्ततपासणी, आणि दर वेळी आहार-व्यायाम पाहून डोस ठरवणं. पहिल्या गटाचं एचबीए१सी ९ टक्क्यांच्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं ७च्या. दुसऱ्या गटात डोळ्यांच्या पडद्याला इजा सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडं आणि मज्जातंतूही वाचले. साखर आटोक्यात ठेवल्याने खरंच काही साधतं का, या वादावर पडदा पडला. मात्र याच गटात शुगर गंभीररीत्या लो होण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होते, हेही त्याच अहवालात आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते आजच्या थकव्याचं मूळ याच वळणावर आहे. चाचणीतला तो दुसरा गट एकटा नव्हता. दर महिन्याला केंद्रात भेट व्हायची, मधल्या काळात वरचेवर फोन यायचे, आणि डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ असं पथक मागे उभं असायचं. चाचणी संपली, आणि ७ हे लक्ष्य जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. पथक पोचलं नाही. त्या पथकाने मिळून पेललेलं काम आता एका माणसाने, नोकरी, संसार, परीक्षा सांभाळत, तीन महिन्यांतून एकदा दहा मिनिटं डॉक्टरांना भेटून करायचं होतं. आकडा आला नाही की प्रश्न तयार असायचा: पथ्य पाळता ना?

टाइप २ची, म्हणजे बहुधा मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहाची, गोष्ट वेगळी, पण बोच तीच. १९९८ मध्ये ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने ५,१०२ नव्याने निदान झालेल्या लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मांडल्या. साखर आटोक्यात ठेवल्याने इथेही फायदा होता. पण उपचार कोणताही असो, वर्षं सरतील तसतशी साखर चढतच जात होती, कारण इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद हळूहळू ओसरत जाते. म्हणजे गोळी वाढणं किंवा इन्शुलिन सुरू करावं लागणं हा पुष्कळदा आजाराचाच पुढचा टप्पा असतो. हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं. उलट ‘नीट राहिला नाहीत तर इन्शुलिन लावावं लागेल’ अशी त्याची धमकी केली जाते, आणि ते लागलं की माणूस हरल्यासारखा घरी येतो.

‘बर्नआउट’ हा शब्द मुळात रुग्णांसाठी नव्हताच. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या थकव्याबद्दल तो वापरला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची मोजपट्टी केली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ मध्ये हा शब्द नोकरी-व्यवसायापुरताच राखावा असं म्हटलं. त्या व्याख्येत मधुमेही बसत नाही. पण मला विचाराल तर तो त्यात सगळ्यांच्या आधी बसायला हवा. या कामाला रविवार नाही, रजा नाही, राजीनामा देता येत नाही, आणि कितीही चोख केलं तरी तापाचा एक दिवस किंवा एक जागरण सगळा हिशेब उधळून लावतं.

हे ओळखलं ते मानसतज्ज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९५ मध्ये त्यांनी प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. मधुमेहासोबत जगण्याचा विचार केला की भीती वाटते का, लक्ष्य चुकलं की अपराधी वाटतं का, सतत खाण्याचाच विचार डोक्यात असतो का, या सगळ्याने जळून गेल्यासारखं वाटतं का, असे प्रश्न. ही यादी तयार झाली बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात, म्हणजे शिस्तीची शिकवण जिथे घडली त्याच घरात. १९९९ मध्ये डायबेटिस बर्नआउट याच विषयावरचं त्यांचं पुस्तक अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने काढलं. त्याआधी, १९९१च्या सुमारास, मिशिगन विद्यापीठाच्या रॉबर्ट अँडरसन आणि मार्था फनेल यांनी ‘सांगितलेलं पाळणं’ या कल्पनेलाच हात घातला होता: रोजचे निर्णय रुग्ण घेतो, परिणाम तो भोगतो, तर लक्ष्यही त्याच्याशी बोलूनच ठरायला हवं.

दुःख एकाचं नाही हे आकड्यांनी सिद्ध व्हायला २०१३ उजाडलं. १७ देशांत झालेल्या ‘डॉन २’ या पाहणीत सुमारे ४५ टक्के मधुमेहींना आजाराचा मोठा मानसिक ताण असल्याचं दिसलं. मधुमेहाचा तुमच्या जगण्यावर काय परिणाम होतो असं आपण विचारतो, असं निम्म्याहून जास्त डॉक्टर-परिचारिकांनी सांगितलं. आपल्याला तसं विचारलं गेलं, असं म्हणणारे रुग्ण चारात एक होते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संस्थेने आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संस्थांनी मधुमेहाबद्दल कोणत्या शब्दांत बोलावं याची मार्गदर्शक सूत्रं काढली. २०१६ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने मनाची विचारपूस हा उपचाराचाच भाग मानावा अशी शिफारस केली.

तंत्रज्ञान धावून आलं आहे, पण त्याच्या दोन बाजू आहेत. अंगावर लावलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी मोजतो, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. २०१६ नंतर साखर पाहून इन्शुलिन स्वतः कमी-जास्त करणारे पंप आले, आणि अनेकांना वर्षांनंतर सलग झोप मिळाली. काहींना मात्र रात्री-अपरात्री वाजणारे अलार्म नकोसे झाले. काम उचलणारं यंत्र आणि नुसतं काम दाखवणारं यंत्र यात फरक आहे.

वीट आला असेल तर काय करायचं, याबद्दल या क्षेत्रातले लोक आता जे सांगतात ते जुन्या शिस्तीपेक्षा बरंच मऊ आहे. आधी, हे नैराश्य आहे की मधुमेहाचाच कंटाळा, हे तपासून घ्यायचं. दोन्ही असू शकतात, पण इलाज वेगळे आहेत. जगणं नकोसं वाटत असेल किंवा मुद्दाम इन्शुलिन टाळलं जात असेल, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं. मग डॉक्टरांशी बोलून ओझं काही दिवस हलकं करायचं. टाइप १ असेल तर इन्शुलिन थांबवायचं नाही, कारण थोड्याच वेळात रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साचून जिवाला धोका होतो; शुगर लो होऊ नये एवढं पाहायचं. पण लक्ष्य थोडं सैल करता येतं. खाण्याचा हिशेब, पट्ट्या मोजणं, औषधं आणणं, डॉक्टरांची तारीख घेणं ही कामं घरातल्या दुसऱ्या कुणाला आठवडाभर देता येतात, ‘आज किती आली?’ हा प्रश्न न विचारण्याच्या अटीवर. सगळं पुन्हा एकदम उचलायचं नाही. एकच गोष्ट धरायची, समजा फक्त सकाळचं रिडिंग, आणि ते वहीत जसं येईल तसं लिहायचं. किती दिवस असं चालवायचं आणि पुढची भेट कधी, हे मात्र सैल सोडण्याआधीच डॉक्टरांसोबत ठरवून ठेवायचं.