पुनरावृत्त अक्षरे (शब्द ओळखण्याच्या खेळाचा प्रोग्राम)

शब्द ओळखण्याच्या खेळात गुप्त शब्दातले एखादे अक्षर एकाहून अधिक वेळा आले, तर प्रोग्रामने ते सगळ्या जागी उघडावे लागते आणि डाव जिंकला की नाही हेही बिनचूक ठरवावे लागते. हँगमन (एकेक अक्षर सांगत गुप्त शब्द ओळखण्याचा खेळ) नवशिक्यांना सुरुवातीलाच दिला जातो, कारण लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), अट, लिस्ट (यादी) आणि स्ट्रिंग (अक्षरांची सलग ओळ) यांचा सराव त्यात एकाच वेळी होतो. त्यातली सर्वांत चिवट चूक याच पुनरावृत्तीतून येते.

कोल्हापुरात बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमाला असलेल्या मुलाने चाचणीसाठी गावाचेच नाव घ्यावे, हे साहजिक आहे. पण रोमन लिपीत कोल्हापूरची आठही अक्षरे वेगवेगळी आहेत : के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर. ‘जोतिबा’ची सहाही तशीच. असल्या शब्दांवर चुकीचा प्रोग्रामसुद्धा अगदी बरोबर चालतो. ‘पन्हाळा’ दिला की मात्र चूक उघडी पडते, कारण त्याच्या सात रोमन अक्षरांत ‘ए’ तीनदा आहे. ‘रंकाळा’चेही तसेच. म्हणून चाचणीच्या यादीत पुनरावृत्ती असलेला आणि नसलेला असे दोन्ही प्रकारचे शब्द असलेच पाहिजेत. प्रोग्राम कितीही छोटा असला तरी यात सूट नको.

अक्षर शोधण्याच्या पद्धतीतच या चुकीचे मूळ असते. पायथनमधले ‘इंडेक्स’ आणि ‘फाइंड’, जावास्क्रिप्टमधले ‘इंडेक्सऑफ’, सी भाषेतले ‘स्ट्रचर’ ही सगळी फंक्शने (भाषेत तयार मिळणाऱ्या आज्ञा) फक्त पहिली जागा सांगतात. पन्हाळ्यात ‘ए’ शोधला तर उत्तर १ येते (मोजणी शून्यापासून). ४ आणि ६ या जागा तशाच झाकलेल्या राहतात. खेळाडू पुन्हा ‘ए’ देतो, पुन्हा तीच पहिली जागा उघडते, आणि डाव कधीच संपत नाही.

उपाय सोपा आहे. शोधून देणाऱ्या फंक्शनवर न विसंबता शब्दाच्या प्रत्येक जागेवरून लूप फिरवावा. पायथनमध्ये ‘एन्युमरेट’ वापरले की जागा आणि अक्षर दोन्ही एकदम मिळतात. अक्षर जुळले की पडद्यावर दाखवायच्या ओळीतली तेवढी जागा भरावी आणि शेवटपर्यंत जावे, मध्ये ‘ब्रेक’ (लूप तिथेच थांबवणारी आज्ञा) लावू नये. पायथनची स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून ही ओळ लिस्टमध्ये ठेवणे सोयीचे.

जिंकण्याच्या अटीत हीच चूक वेगळ्या रूपात येते. ‘बरोबर अंदाजांची संख्या शब्दाच्या लांबीइतकी झाली की जिंकला’ अशी अट घातली, तर पन्हाळ्याला सात बरोबर अंदाज लागतील, पण वेगळी अक्षरे पाचच आहेत. उलट, आधी सांगितलेले अक्षर पुन्हा दिल्यावरही मोजणी वाढत असेल, तर नुसता ‘ए’ सातदा दाबूनही डाव जिंकता येतो. मोजणी सोडून एकही रिकामी जागा उरली नाही ना एवढेच पाहणे सर्वांत भरवशाचे. सांगून झालेली अक्षरे एका सेटमध्ये (प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संग्रहात) ठेवावीत. त्यातले अक्षर पुन्हा आले तर खेळाडूला तसे सांगावे, पण त्याची संधी कापू नये.

वर्डल प्रकारच्या खेळात, जिथे प्रत्येक अंदाज म्हणजे पाच अक्षरांचा पूर्ण शब्द असतो, प्रश्न जास्त अवघड होतो. जॉश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये लोकांसाठी खुला केलेला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेला हा खेळ अक्षर आणि जागा दोन्ही जुळल्यास हिरवा, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असल्यास पिवळा, आणि नसल्यास करडा रंग दाखवतो. समजा गुप्त शब्द ‘मिसळ’ (एम, आय, एस, ए, एल) आणि अंदाज ‘कागल’ (के, ए, जी, ए, एल). शेवटचे ‘ए’ आणि ‘एल’ हिरवे, यात वाद नाही. दुसऱ्या जागेवरच्या ‘ए’ला भोळा प्रोग्राम पिवळा करतो, कारण ‘ए’ शब्दात आहेच. पण मिसळीत ‘ए’ एकच, आणि तो हिरव्यात खर्ची पडला, म्हणून हा करडाच हवा. डावीकडून एकाच फेरीत मोजत गेल्यास पहिला ‘ए’ आधीच हक्क सांगतो आणि हिशेब बिघडतो. त्यामुळे दोन फेऱ्या लागतात : पहिल्या फेरीत फक्त हिरवे ठरवून त्यांची संख्या वजा करावी, दुसऱ्या फेरीत उरलेल्या शिलकीतून पिवळे वाटावेत.

देवनागरीत खेळ केला तर अक्षर कशाला धरायचे, हेच आधी ठरवावे लागते. पायथनच्या हिशेबात ‘पंचगंगा’ची लांबी ७ भरते, कारण काना आणि अनुस्वार तिथे स्वतंत्र मोजले जातात. या मोजणीत ‘ग’ आणि अनुस्वार दोनदा येतात. वाचणाऱ्याला मात्र पं, च, गं, गा अशी चारच अक्षरे दिसतात, आणि त्यांत पुनरावृत्ती नाही. ‘अंबाबाई’त ‘बा’ दोन्ही मोजण्यांत दोनदाच येतो. खेळाडूला सुटा काना ओळखायला लावणे खेळाला शोभत नाही. व्यंजन सांगितले की ते असलेली सगळी अक्षरे काना-मात्रेसह उघडावीत आणि ‘ल्हा’सारख्या जोडाक्षराला दोन्ही व्यंजने लागावीत, हा नियम मराठीला जास्त साजतो. त्यासाठी शब्द आधी अक्षरांत तोडावा : मात्रा, अनुस्वार आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) मागच्याला जोडायचे, आणि हलन्तानंतरचे व्यंजनही त्याच अक्षरात घ्यायचे. ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रामला ते वेगळे वाटतात. म्हणून शब्दयादी आणि खेळाडूचे टंकन दोन्ही तुलनेआधी एकाच रूपात आणून घ्यावे लागते.