बदली: गिरणीच्या दारातून कायद्यात गेलेला शब्द

सरकारी नोकराची बदली झाली की घरात सामानाची बांधाबांध सुरू होते. परळ-लालबागच्या चाळीत मात्र ‘आज बदली लागली’ म्हटले की घरातल्या बाईचा जीव भांड्यात पडायचा. आजची हजेरी पडली, आजचा रोज सुटला. शब्द एकच, पण हा दुसरा अर्थ मुंबईच्या कापड गिरण्यांत घडला आणि असा रुजला की देशाच्या इंग्रजी कायद्यांतही ‘बदली’ हाच शब्द भाषांतराविना जाऊन बसला.

कायम कामगार आजारी पडला, गावी गेला किंवा त्याने नुसताच खाडा केला, तर त्याच्या जागी तेवढ्यापुरता उभा राहणारा माणूस म्हणजे बदली कामगार. व्याख्या एवढीच. या माणसाचे देणेघेणे काय, यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तंटा चालला. तो दराचा फारसा नव्हता, कारण साच्यावर, म्हणजे यंत्रावर, उभा राहिला त्या दिवसाचा भाव बहुधा कायम कामगाराचाच असे. तंटा होता दिवसांचा: महिन्यातले किती दिवस मिळणार, ते कोण ठरवणार आणि मिळालेले दिवस मोजून शेवटी पदरात काय पडणार.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली. ताडदेवला ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काळात रत्नागिरी, सातारा अशा भागांतून माणसे गिरणीत आली, पण गाव कुणी सोडले नाही. शिमगा, पेरणी, लग्नसराई, गणपती यांना गावी जायचेच. माणूस गेला तरी साचा बंद ठेवायचा नाही, हा गिरणीचा हिशोब. त्यामुळे रजेवर जाणाऱ्यानेच आपल्या जागी कुणीतरी आणून उभा करायचा, अशी रीत पडली. भाऊ, भाचा, गाववाला, एकाच खोलीत पथारी टाकणारा, कुणीही. गावाहून नव्याने आलेल्या पोराची गिरणीतली पहिली पायरी बहुधा ही असे.

या व्यवहाराच्या मधोमध जॉबर होता. भरती त्याच्या हाती, काढून टाकणेही त्याच्याच हाती. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. सकाळी भोंग्याच्या आधी दारावर गर्दी जमायची, आत किती जागा रिकाम्या आहेत ते कळल्यावर जॉबर बाहेर यायचा आणि बोट दाखवील तो आत जायचा. बोट आपल्याकडे वळावे म्हणून दस्तुरी द्यावी लागे, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर माल घ्यावा लागे, त्याच्याकडूनच कर्ज काढावे लागे. आधीच महिन्याचे थोडे दिवस, त्यातलाही वाटा असा जाई.

जॉबरला खलनायक ठरवून मालकांना मोकळे सोडण्याची चूक मात्र करू नये. दारावरची गर्दी मालकांच्याही सोयीची होती. कापडाला उठाव असला की बदलीवाले आत घ्यायचे, बाजार पडला की उद्या यायला सांगायचे. कुणाला कामावरून काढले असे म्हणायची वेळच यायची नाही, कारण काढायला तो मुळात कामावर नव्हताच.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या सार्वत्रिक संपाने आणि त्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनने मजुरीचे दर, कामाचे नियम, जॉबरची मनमानी हे सगळेच चव्हाट्यावर आणले. १९२९ मध्ये मजुरांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात भरती जॉबरच्या हातून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला आणि १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना लागू केली.

ही योजना नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या नियमांचे बीज तिच्यात आहे. दर महिन्याच्या १ तारखेला ठराविक माणसांना बदली कार्ड द्यायचे. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर हजर राहायचे. त्या दिवशीच्या रिकाम्या जागा कार्डवाल्यांमधूनच भरायच्या, आणि कायम जागा निघाली तर जुन्या बदलीवाल्याचा हक्क आधी. दारावरच्या गर्दीची अशी यादी झाली. जॉबरचे बोट एका दिवसात गळून पडले नाही, खात्यात कोण उपयोगाचा हे तोच सांगत राहिला. तरी कार्डामुळे एक मोठी गोष्ट झाली: बदलीवाल्याकडे प्रथमच दाखवता येईल असा कागद आला. मात्र दिवस मिळण्याची हमी त्या कार्डावर कुठेच नव्हती. रोज यायचे बंधन मात्र होते.

१९४६ च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांच्या, कायद्याखालील नमुन्यात कामगारांचे वर्ग पाडले गेले आणि कायम, परिविक्षेवर असलेले, तात्पुरते यांच्या रांगेत ‘बदली’ हा स्वतंत्र वर्ग आला. पुढच्याच वर्षी औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये ठरवले. त्या काळी ही मोठी जीत होती. आता तीच रक्कम बदलीवाल्याच्या बाजूने मोजा. महिन्यात १२ दिवस बदली लागली तर मूळ वेतनाचे १४ रुपयेही भरत नाहीत. उरलेले १४ दिवस तो दारावर येऊन परत गेलेला असतो. त्या येण्याची किंमत शून्य.

स्वातंत्र्यानंतर कामगार कायदे आले ते बहुतेक सगळे दिवस मोजणारे, आणि त्यांचा लाडका आकडा २४०. कारखाना अधिनियम, १९४८ म्हणत असे की वर्षात २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियमात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद आली: काम नसल्याने घरी बसवले तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा निम्मा भाग द्यायचा. त्यातून बदली आणि नैमित्तिक कामगार वगळले. तिथेच एक स्पष्टीकरण जोडले होते, की दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्या या कामगाराची एक वर्षाची सलग सेवा पुरी झाली की या कलमापुरता त्याला बदली समजायचे नाही. सलग सेवा मोजायची तीही पुन्हा २४० दिवसांनी. १९७२ च्या उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) कायद्यातही साधारण हाच हिशोब. त्या मानाने १९६५ चा बोनस कायदा सढळ निघाला. वर्षात ३० दिवस काम केले की बोनसचा हक्क.

कायद्यात आकडा आला की तो आकडा चुकवण्याची विद्याही येते. २४० जवळ आले की बदली लागेनाशी व्हायची, मध्येच खंड पडायचा, नाव यादीत खाली सरकायचे. कामगार चळवळीत वावरलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही ते ठाऊक होते, म्हणूनच १९७१ मध्ये झालेल्या आणि १९७५ मध्ये अमलात आलेल्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीच्या ६ व्या बाबीत, कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा ठरवली गेली. मेख अशी, की तसे ठेवण्यामागे कायम कामगारांचे हक्क नाकारण्याचा उद्देश असला पाहिजे. उद्देश कसा सिद्ध करायचा? यावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या. तरीही ही बाब कागदावरच राहिली असे म्हणता येत नाही. एसटी महामंडळाच्या सफाईचे काम करणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकते, हे मान्य केले.

गिरण्यांत मात्र गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाखाली एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना, आणि वाटाघाटी करणार तीच. मुंबईच्या कापड उद्योगात हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बदलीवाला वर्गणी भरायचा, सभेला यायचा, पण करारात त्याच्या वाट्याला काय आले हे शोधावे लागे. माझ्या मते १९८२ च्या संपाकडे पाहताना पगारवाढीवर जेवढे लिहिले गेले तेवढे या गोष्टीवर लिहिले गेले नाही. वर्षानुवर्षे दारावर येणाऱ्या माणसाला ज्या संघटनेने कायम केले नाही, तिच्यावर त्याचा राग असणे साहजिक होते. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेलेल्यांत हा राग होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती, आणि एकाच संघटनेला मक्ता देणारा तो कायदा रद्द करा, हीसुद्धा. संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. पुन्हा सुरू झालेल्या गिरण्यांनी कमी माणसांत काम चालवले, कित्येक गिरण्या उघडल्याच नाहीत. कायम असलेल्यांचेच पाय सुटले, तिथे कायम होण्याची आस धरून बसलेल्याची काय कथा. १९८६ मध्ये प्रकाश कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बदलीची स्थिती रोखठोक मांडली: कायम कामगार गैरहजर असेल तरच बदलीला काम, कामाची हमी मागण्याचा हक्क त्याला नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले आणि कामगारांना घरे देण्याची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेल्यांना तिचा लाभ. म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. पुरावा म्हणून तिकीट क्रमांक, लाल पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, पगाराची पावती, हजेरीपत्रक असले कागद मागितले गेले. गावाकडच्या ट्रंका उघडल्या गेल्या, वारसांनी पत्र्याचे डबे उपसले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या हजेरीचा कागद कुणी जपून ठेवला, यावर घराचा अर्ज अवलंबून राहिला.

गिरणगाव गेले तरी बदली गेली नाही. कोलकात्याच्या ज्यूट गिरण्यांत बदली हा प्रकार आजही आहे, शिवाय तिथे बदली आणि कायम यांच्या मध्ये ‘स्पेशल बदली’ अशी आणखी एक पायरी आहे. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांतही बदली कामगार हा शब्द ऐकू येतो. नव्या पिढीच्या मालकांना मात्र दुसरी वस्तू मिळाली आहे: ठराविक मुदतीची नोकरी, जी केंद्राने २०१८ मध्ये सगळ्या उद्योगांना खुली केली. तिच्यात पगार आणि सवलती कायम कामगाराच्या बरोबरीने द्यायच्या आहेत, आणि नव्या कामगार संहितेनुसार उपदानासाठी एक वर्षाची सेवा पुरे. बदलीवाल्याचे काम संपायचे ते दुसरा कुणी बरा होऊन आला की. इथे संपायची तारीख करारावरच छापलेली असते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ले-ऑफच्या कलमाखाली बदली कामगाराची ती जुनी व्याख्या अजून आहे, एका वर्षाच्या अटीसकट, आणि सलग सेवेचे २४० दिवसही. पगारी रजेचा हिशोब तेवढा बदलला. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत त्यासाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात.