हिमनदी आटते तेव्हा वाट कुठे बिघडते

सोलापुरात रसाच्या गाड्यावर बर्फाची लादी गोणपाटात, भुशात गुंडाळून ठेवतात आणि मे महिन्याच्या उन्हातही ती टिकते. त्याच लादीवर नुसती काळ्या मातीची धूळ बसली, तर ती उलट लवकर वितळते. हिमनदीवरही हेच घडतं. ताजा हिम ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो, उघडा पडलेला जुना बर्फ जेमतेम ३०-४० टक्के. धुळीचा पातळ थर ऊन शोषून बर्फ वितळवतो, तर अर्धा मीटर दगडगोट्यांचा थर त्याच बर्फाला राखतो. म्हणून हिमनदी सगळीकडे सारखी खचत नाही. मधूनच बर्फाचे कडे उघडे पडतात, तळी साचतात आणि गेल्या वर्षीची वाट यंदा सापडत नाही.

गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिचं मुख म्हणजे गोमुख, १९३५पासून दीड किलोमीटरच्या आसपास मागे सरकलं आहे. बातमी होते ती याची. गिर्यारोहकाला मात्र जाडी घटण्याचा त्रास जास्त. पृष्ठभाग खाली बसतो आणि दोन्ही काठांचे मोरेन, म्हणजे दगडमातीचे बांध, उंच भिंतींसारखे उभे राहतात. त्यांना आतून टेकू देणारा बर्फच गेलेला असतो. पूर्वी जिथे चार पावलांत हिमनदीवर उतरता येई, तिथे आता सुट्या दगडांचा घसरता उतार लागतो. तो पहाटे, दगड गोठून घट्ट असतानाच ओलांडावा. एका वेळी एकानेच, डोक्यावर हेल्मेट घालून. ऊन लागलं की बर्फाची पकड सुटते आणि दगड निसटू लागतात.

आपल्याकडच्या तुकड्या बहुधा शाळेच्या सुट्टीत, मे महिन्यात निघतात. तेव्हा क्रेव्हास, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगा, हिवाळी हिमाखाली झाकलेल्या असतात. हिवाळ्यात हिम कमी पडला असेल, तर भेगांवरचे हे हिमपूल पातळ असतात. सप्टेंबरात भेगा रुंद असल्या तरी दिसतात, आणि आमच्या मते नवख्यांसाठी तेच बरं. दोरावर तिघे असतील तर दोघांमध्ये १०-१२ मीटर अंतर आणि दोर ताणलेला हवा. दोघेच असतील तर अंतर वाढवून मधे गाठी मारतात. कुणी पडलं तर गाठ भेगेच्या काठात रुतते आणि वर राहिलेल्यावरचा भार हलका होतो.

रात्री ढग असतील तर घड्याळ पाहून निघण्यात अर्थ नाही. निरभ्र रात्री हिम आपली उष्णता आकाशात सोडून गोठतो. ढगाळ रात्री ती उष्णता परत येते आणि पहाटे २ वाजताही पाऊल घोट्यापर्यंत रुततं. अशा दिवशी चढाई रद्द करावी.

आइस स्क्रू, म्हणजे दोर अडकवायला बर्फात फिरवून बसवायचा धातूचा पोकळ स्क्रू, तोही उष्णतेनेच दगा देतो. वरचा भुसभुशीत बर्फ कुऱ्हाडीने खरवडून घट्ट निळसर बर्फात स्क्रू बसवावा आणि वर हिमाचा जाड थर दाबावा. उघडा धातू उन्हाने तापतो, भोवतीचा बर्फ वितळतो आणि सकाळी पक्का बसलेला स्क्रू दुपारी हाताने ओढला तरी निघू शकतो.