काजव्याचा उजेड आणि मामींची केळी

सावद्याच्या आमच्या मामींनी घरचीच केळी मुलींना द्यायची बंद केली. ओसरीत घड टांगलेला, आणि खायचा नाही! मोबाईलवर कुणीतरी धाडलं होतं: केळी 'हार्मोन'वर पिकवतात, मुली लवकर वयात येतात.

हार्मोन खरंच, पण झाडाचं. पिकवायच्या चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडतात. केळं तो स्वतःही तयार करतं. आपल्या पेशींत त्याला ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारं प्रथिनच नाही.

"मग बागेत मारतो त्या औषधाचं काय?" मामींनी विचारलं. हा प्रश्न खरा.

रसायनाच्या नावावरून काही कळत नाही. बोस्टनमध्ये आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन न घालताच वाढू लागल्या. नळ्यांच्या प्लॅस्टिकमधून नोनिलफिनॉल हे रसायन झिरपत होतं आणि इस्ट्रोजेनसारखं वागत होतं, हे त्यांनी १९९१ साली छापलं.

रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं का, हे तपासायला आता काजवा कामाला लावतात. इस्ट्रोजेन पेशीत शिरून रिसेप्टरला चिकटतं. असे दोन रिसेप्टर जोडीनं डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात: एजीजीटीसीए, मग कुठलीही तीन अक्षरं, मग टीजीएसीसीटी. समोरच्या धाग्यावर उलटीकडून वाचा, पुन्हा तेच! जोडी बसली की पुढचं जनुक चालू होतं. तिथे शास्त्रज्ञांनी ल्युसिफरेजचं, म्हणजे उजेड पाडणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलं, अमेरिकेतल्या एका काजव्याचं. आपल्या बांधावरच्याचा तो चुलतभाऊ. ९६ खळग्यांच्या ताटलीत पेशी, प्रत्येक खळग्यात रसायनाची ठरलेली मात्रा. दिवसभरानं ल्युसिफेरिन, म्हणजे त्या दिव्याचं तेल, घालून उजेड मोजायचा. प्लॅस्टिकमधलं बिस्फिनॉल-एसुद्धा दिवा लावतं, पण शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनच्या, इस्ट्राडायोलच्या, हजारो पट मात्रा लागते. रसायन हार्मोनला अडवतं का, हे पाहायचं तर दोन्ही एकत्र घालायची आणि उजेड उतरतो का बघायचं. मात्र पेशी मेल्या तरी उजेड उतरतोच, म्हणून त्या जिवंत आहेत ना, हे वेगळं तपासावं लागतं.

'हार्मोन डिटॉक्स'चं चूर्ण विकणाऱ्याला एकदा विचारा, कुठल्या रिसेप्टरवर, किती मात्रेला? पिशवी आवरून निघेल.

ताटलीत यकृत नसतं, ही मोठी उणीव. मेथॉक्सीक्लोर हे कीटकनाशक मुळात रिसेप्टरला जेमतेम चिकटतं; यकृत त्याचे मिथाइल गट काढतं आणि मगच ते इस्ट्रोजेनसारखं वागू लागतं. म्हणून संशयित रसायन पुढे उंदरांपर्यंत जातं. अंडाशय काढलेल्या माद्यांना ते काही दिवस देतात आणि शेवटी गर्भाशय काढून काट्यावर ठेवतात. त्याचं वजन वाढलं असेल, तर ताटलीतला उजेड खरा होता.