काढलेलं गाणं आणि अडवलेली साइट

‘पायरसीच्या साइट सरकारने बंद केल्या, हजारो गाणी हटवली.’ ही बातमी मी आजवर इतक्यांदा वाचलीय की तिच्यातला एकेक शब्द आता दाताखाली खडा यावा तसा लागतो. सरकारने? बहुतेक वेळा न्यायालयाने. बंद? नाही हो, अडवल्या. आणि हटवली म्हणाल, तर त्यातलं एकही गाणं जागचं हललेलं नसतं.

हटवणं वेगळं आणि अडवणं वेगळं. रूढ शब्दांत सांगायचं तर टेकडाउन आणि ब्लॉकिंग. दोन्ही कॉपीराइटच्या नावाने होतं आणि दोन्हींनंतर आपल्याला गाणं मिळत नाही, म्हणून लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात. एका ठिकाणी दुकानातला माल उचलून नेलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी दुकानाकडे जाणारा रस्ता खोदून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक दोन्हीकडून हात हलवत परत येतं खरं, पण फरक काय ते दुकानदाराला विचारा.

हटवणं तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. यूट्यूबवरच्या तुमच्या यादीतलं एक गाणं एके दिवशी राखाडी पडतं आणि कॉपीराइट दाव्याची ओळ दिसते. हक्कधारकाने नोटीस पाठवली, ज्याच्या सर्व्हरवर फाइल होती त्याने ती काढली, विषय संपला. अमेरिकेत हे १९९८ च्या डीएमसीए कायद्याने चालतं. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये तशीच सोय आली: त्याच्या नियमांनुसार तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मजकूर रोखायचा, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत खुला करता येतो. अमेरिकेत ज्याचा मजकूर काढला तो उलट नोटीस देऊ शकतो, आणि तक्रारदार दाव्याला उभा राहिला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जातो. २००७ साली एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ चढवला होता. मागे गाणं वाजत होतं, एवढ्यावरून तो काढायला लावला गेला. तिने उलट नोटीस दिली, व्हिडिओ परत आला, आणि पुढे हेच प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. ती भांडू शकली, कारण काढलेली वस्तू तिची होती आणि नोटीस तिच्यापर्यंत पोचली होती. एवढंच लक्षात ठेवा, खाली लागेल.

(‘हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही’ हा प्रकार कुठे बसतो, असं कोणीतरी विचारेलच. तोही दुकानदारानेच कोणाला माल द्यायचा नाही हे ठरवण्याचा प्रकार आहे. रस्ता शाबूत असतो.)

आता अडवणं. साइटचं नाव टाकलं की तुमचा फोन आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ कंपनी आकड्यांतला पत्ता सांगते आणि फोन तिकडे जातो. ब्लॉक करण्याची सगळ्यांत स्वस्त तऱ्हा म्हणजे इथे कंपनीने धडधडीत खोटं बोलायचं: असा पत्ताच नाही म्हणायचं किंवा आपल्याच एका सूचनेच्या पानाचा पत्ता द्यायचा. याहून कडक करायचं असेल तर त्या पत्त्याकडे जाणारी वाहतूकच थांबवायची, किंवा जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघड दिसतं ते वाचून तिथेच तोडायची. तिन्ही तऱ्हांमध्ये त्या साइटच्या सर्व्हरला कळतही नाही की काही झालंय. फायली जागेवर असतात, जाहिराती चालू असतात, मालकाच्या खात्यात पैसे जमा होत राहतात.

माझ्या एका संगीतकार मित्राचा अख्खा अल्बम अशा एका साइटवर होता. आदेश निघाला, साइट उघडेनाशी झाली, गडी खुश. दोन दिवसांनी परदेशातल्या एका चाहत्याने त्याला त्याच साइटचा दुवा पाठवून विचारलं, ‘तिसऱ्या गाण्यात खरखर आहे, मूळ रेकॉर्डिंगमध्येही आहे का?’ मित्राने मला फोन करून विचारलं, ‘अरे, पण काढलं होतं ना?’ काढलं नव्हतं, फक्त त्याच्या देशातून जाणारा रस्ता अडवला होता.

हे जुनं दुखणं आहे. २००६ साली डेन्मार्कमध्ये ऑलऑफएमपी३ नावाची रशियन साइट अडवली गेली. ती मेगाबाइटच्या भावाने गाणी विकायची. डॅनिश न्यायालयाचा रशियन सर्व्हरवर काय अधिकार? काहीच नाही. म्हणून आदेश गेला डेन्मार्कमधल्या इंटरनेट कंपनीला. साइट तिकडे सुखाने चालू राहिली. ती खरोखर बंद पडली २००७ च्या जुलैत, तीही अमेरिकेने रशियाच्या जागतिक व्यापार संघटनेतल्या प्रवेशाशी तिचा विषय जोडल्यावर. आणि तेव्हाही त्याच मंडळींची जुळी साइट हजर होतीच.

आता ज्या एका मुद्द्यावर लोक हमखास घसरतात तो सांगतो, कारण बाकीचे सगळे गोंधळ त्यातून निघतात: आदेश कोणाच्या हातात पडतो? हटवण्याचा आदेश ज्याच्याकडे माल आहे त्याच्याकडे जातो. अडवण्याचा आदेश ज्याच्यावर काहीच आरोप नाही अशा तिसऱ्याच माणसाकडे जातो. युरोपात २००१ च्या कॉपीराइट निर्देशातल्या कलम ८(३) ने ही सोय उघडपणे करून ठेवली: मध्यस्थ, म्हणजे इथे इंटरनेट कंपनी, दोषी असो वा नसो, त्याच्यावर मनाई हुकूम काढता येतो. ब्रिटनमध्ये २०११ साली न्यूझबिन२ ही साइट अडवण्याचा हुकूम बीटी कंपनीला झाला तो याच वाटेने. ही कंपनी निर्दोष असते हे न्यायालयांनाही मान्य आहे. म्हणूनच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की अडवण्याचा खर्च हक्कधारकाने सोसायचा. (तो खटला ट्रेडमार्कचा होता, पण तत्त्व तेच.)

मग सुनावणीत साइटच्या बाजूने बोलणारं कोण असतं? मालक बहुधा फिरकत नाही. भारतात तर अनोळखी प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे, परदेशातल्या ‘जॉन डो’चा हा आपला भाऊ. इंटरनेट कंपनीला त्या साइटशी काही देणंघेणं नाही, ती मान डोलावते. २०१२ मध्ये संगीत उद्योगाच्या संघटनेने कोलकाता उच्च न्यायालयातून १०४ संगीत साइट अडवण्याचे आदेश मिळवले. त्यातल्या बऱ्याच पायरसीच्याच असणार, मला त्यांचा पुळका नाही. पण त्या बाळाच्या आईसारखं ‘थांबा, हे माझं आहे’ म्हणायला इथे कोणी नसतं, आणि म्हणायचंच झालं तर कोणाला म्हणायचं हेही ठाऊक नसतं.

आणि शेजारी मरतात. पत्त्यावर नेम धरला की त्याच पत्त्यावर राहणारे सगळेच सापडतात. २०१२ च्या मे महिन्यात भारतात एका तमिळ चित्रपटासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशावरून व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन अशा अख्ख्या साइट गायब झाल्या. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की अडवायचं ते नेमून दिलेल्या दुव्यापुरतं, सबंध साइट नाही. आदेश शहाणपणाचा होता, पण आज तो पाळायचा कसा? तेव्हा बऱ्याच साइट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी जोडणीवर होत्या, कंपनीला पूर्ण दुवा दिसायचा. आता जवळपास सगळं एचटीटीपीएस आहे. कंपनीला दिसतं फक्त साइटचं नाव, त्यापुढचं पान कुठलं ते कुलूपबंद. एक गाणं अडवायचं तर तिला सबंध साइट अडवावी लागते, नाहीतर काहीच नाही. एकच दुवा काढणं ज्याच्याकडे फाइल आहे त्यालाच जमतं. ‘फक्त तेवढा दुवा ब्लॉक करा’ असं टीव्हीवर ठणकावून सांगणाऱ्यांना कोणीतरी हे एकदा समजावा.

इटलीने २०२४ मध्ये ‘पायरसी शील्ड’ नावाची यंत्रणा सुरू केली, मुख्यतः फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणासाठी. नोंद झाली की इंटरनेट कंपन्यांनी ३० मिनिटांत अडवायचं. सामना नव्वद मिनिटांचा असतो, त्यामुळे घाई समजते. पण त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला त्या जाळ्यात गूगल ड्राइव्ह सापडलं आणि इटलीतल्या लोकांना आपल्याच फायली मिळेनात. चुकीच्या टेकडाउनने एक व्हिडिओ जातो. चुकीच्या ब्लॉकने काय जाईल याला धरबंद नाही.

आणखी एक गंमत एचटीटीपीएसचीच. पूर्वी अडवलेली साइट उघडली की ‘दूरसंचार विभागाच्या सूचनेनुसार’ अशी पाटी दिसायची. आता कंपनीने मध्येच आपली पाटी घुसवली की ब्राउझर साइटच्या ओळखीचं प्रमाणपत्र चुकीचं म्हणून बोंब मारतो, किंवा पान नुसतं फिरत राहतं. लोकांना वाटतं नेट गेलं.

त्या पाटीनेही कमी गोंधळ घातलेला नाही. एक तर तिच्यावर विभागाचं नाव असायचं, म्हणून ‘सरकारने बंद केली’. प्रत्यक्षात आदेश न्यायालयाचा, विभागाने तो कंपन्यांना कळवलेला. आयटी कायद्याचं कलम ६९अ (सरकारला साइट अडवण्याचा अधिकार देणारं) याला चिकटवणारे तर माझे खास लाडके. त्या कलमात देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि त्यांच्याशी निगडित गुन्ह्यांची चिथावणी एवढीच कारणं आहेत. कॉपीराइट त्यात नाही. शोधून बघा. सरकारी अधिकाऱ्याने स्वतः पायरसीचा मजकूर हटवायला सांगण्याची सोय आली ती २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीनंतर, आणि ती चित्रपटांसाठी आहे. सुट्या गाण्यांना ती लागू नाही.

दुसरं म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये त्या पाटीवर नवा मजकूर झळकला: पाहणं, डाउनलोड करणं हा गुन्हा, तीन वर्षं कैद, तीन लाख दंड. झालं! ‘टोरंट साइट नुसती उघडलीत तरी तुरुंग’ अशा बातम्या सुटल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं वा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. पाटीचा मजकूर बदलावा लागला. ती अफवा मात्र अजून दर वर्षी कोणीतरी मला पाठवतं.

बाकीचे प्रकार झटपट उरकतो. शोधयंत्रातून दुवा काढणं म्हणजे दुकानही आहे, रस्ताही आहे, फक्त पाटी काढली. डोमेन जप्त करणं त्याहून जबर, कारण ते जगभर लागू होतं. अमेरिकेने २०१० च्या नोव्हेंबरात दाजाझ१ हा हिपहॉप संगीताचा ब्लॉग असा जप्त केला आणि वर्षभराने, खटला न भरता, परत दिला. आणि फ्रान्सची हादोपी ही पायरसीविरोधी संस्था तिसऱ्याच जातीची. तिचा रोख माणसावर होता: तीन इशारे आणि मग जोडणी तोडायची. तोडण्याची ती शिक्षा २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच मागे घेतली.

मग अडवणं सर्वथा वाईटच का? माझं मत विचाराल तर मालकाचा पत्ता लागत असेल, तो नोटिशीला उत्तर देत असेल, तर अडवण्याची मागणी करणं हा आळस आहे. पण एका ठिकाणी हटवण्याचा काही उपयोगच नाही. गाण्यांच्या पायरसीत हल्ली मोठा भाग असतो स्ट्रीम-रिपिंगचा: यूट्यूबचा दुवा द्या, एमपी३ घ्या. गाणं यूट्यूबवर अधिकृतपणेच असतं. रिपिंगच्या साइटवर गाणी साठवून ठेवलेली नसतात, तुम्ही बटण दाबल्यावर फाइल तयार होते. हटवा म्हणून नोटीस पाठवायची तर कशाची? तिथे मालकावर दावा लावणं किंवा अडवणं हेच उरतं. २०१७ मध्ये यूट्यूब-एमपी३ ही साइट गेली ती संगीत कंपन्यांनी मालकाला न्यायालयात खेचल्यामुळे. ‘बंद झाली’ हा शब्द तिथे शोभतो. तो तेवढ्यापुरता राखून ठेवा की!

मालक हाती लागत नसेल तर अडवा, पण पळापळीची तयारी ठेवून. नावातलं एक अक्षर बदललं की तीच साइट परत उभी, तिला मिरर म्हणतात. प्रत्येक मिररसाठी नवा दावा कोण लावणार? म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ‘डायनॅमिक’ मनाई हुकूम दिला: नवी मिरर सापडली की नव्या दाव्याविना ती त्याच आदेशात जोडता येते. सोय झाली. पण यादी वाढवायची जेवढी सोय आहे तेवढी ती घटवायची नाही. डोमेनचं भाडं भरणं मालकाने सोडलं की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतं. उद्या एखाद्याने असं नाव घेऊन त्यावर स्वतःची गाणी ठेवली, तर त्याला इतकंच दिसेल की ठरावीक कंपन्यांच्या जोडणीवरून आपली साइट उघडत नाही. नोटीस त्याला कधीच आलेली नसते, आणि सर्व्हरवाल्याला विचारलं तर तो खरंच सांगेल: आमच्याकडून सगळं चालू आहे.