ग्लायकॉलवरील संशयाची पूर्वपीठिका

क्रीमच्या किंवा डिओडरंटच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांत 'प्रॉपिलीन ग्लायकॉल' हे नाव हमखास सापडते. रंग नाही, वास जवळजवळ नाही, चव किंचित गोडसर; हा दाटसर द्रव पाण्यात पूर्ण मिसळतो, सुगंधी द्रव्ये विरघळवतो आणि ओलावा धरून ठेवतो. शरीरात त्याचे मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनते. त्याच्याविषयीची भीती मात्र बरीचशी त्याच्या भाऊबंदाने, म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉलने, ओढवून घेतलेली आहे.

१९३७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध विरघळवण्यासाठी हा दुसरा द्रव, म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल, वापरला आणि ते 'एलिक्सिर' या नावाने विकले. रासबेरीच्या स्वादाच्या त्या औषधात त्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते आणि विषारीपणाची चाचणी झालीच नव्हती, कारण कायद्याची तशी सक्तीच नव्हती. मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तरी कंपनीवर ठपका आला तो नावापुरता: 'एलिक्सिर' म्हटले की त्यात अल्कोहोल हवे, आणि ते यात नव्हते! पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला आणि औषधांच्या जोडीने सौंदर्यप्रसाधनेही प्रथमच केंद्रीय देखरेखीखाली आली. भारतातील १९४० च्या औषध कायद्यात प्रसाधनांचा समावेश व्हायला १९६२ ची दुरुस्ती यावी लागली.

घोटाळा तेवढ्यावर थांबला नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. ती भेसळ डायएथिलीन ग्लायकॉलचीच होती, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली गेली. पनामात २००६ साली खोकल्याच्या औषधातून हेच घडले. वर्षभरातच तेथील एका ग्राहकाला दुकानातल्या टूथपेस्टच्या ट्यूबवर डायएथिलीन ग्लायकॉलचे नाव चक्क छापलेले दिसले.

युरोपात टूथपेस्टसह सर्व प्रसाधनांत डायएथिलीन ग्लायकॉलचा अंश ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलवर अशी बंदी नाही. त्याची खरी तक्रार त्वचेची आहे, विशेषतः इसबाने फुटलेल्या त्वचेची, आणि म्हणूनच अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली त्याला 'वर्षाचा अॅलर्जीकारक' ठरवले. विषबाधेचा प्रश्न येतो तो 'प्रॉपिलीन ग्लायकॉल' म्हणून आलेल्या पिंपात आतून नेमके काय भरले आहे याचा. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही द्रव सारखेच दिसतात.