२.२० एकर म्हणजे किती?

निपाणीकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र २.२० लिहिलेलं असतं. त्याला विचारा, तो सांगेल: अडीच एकर. पलीकडे कागल तालुक्यात त्याच्या मेव्हण्याच्या सातबारावरही २.२० असू शकतं, पण ते दोन हेक्टर वीस आर, म्हणजे साडेपाच एकराच्या जरा आत. कर्नाटकात जमिनीची नोंद एकर-गुंठ्यांत होते आणि ४० गुंठ्यांचा एकर. महाराष्ट्रात हेक्टर-आर, आणि १०० आरचा हेक्टर. त्यामुळे महाराष्ट्रातलं टिंब हे खरंखुरं दशांशचिन्ह आहे. कर्नाटकातलं टिंब दोन वेगळे आकडे शेजारी लिहिताना मधे टाकलेलं आहे, एवढंच. सीमेवरचा माणूस यात कधी फसत नाही. संगणक फसतो, आणि फसल्याचं कळूही देत नाही.

समजा, बेळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी दोन्हीकडच्या उसाचं एकरी टनेज ताडून पाहते आहे. तिच्याकडे एक्सेलचा तक्ता आहे आणि हिशेबाला ‘आर’ ही संगणकभाषा. (क्षेत्राचा आर वेगळा, भाषेचा आर वेगळा, नावं सारखी पडली त्याला इलाज नाही.) न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली, तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. तिचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९७६ च्या सुमारास जन्मलेल्या ‘एस’ या भाषेत आहे. समोर बसलेल्या अभ्यासकाने प्रश्न विचारावा आणि लगेच उत्तर मिळावं, यासाठी हे घराणं तयार झालं. साहजिकच आरचा स्वभाव शक्य तितकं सांभाळून घेण्याचा आहे. माझ्या मते तिच्या निम्म्या खोड्या या स्वभावातून येतात.

मोठ्याने सांगितलेल्या चुकांची भीती बाळगू नये. चलाचं नाव चुकलं, की आर तिथेच थांबते आणि लाल अक्षरांत ओरडते. मग ‘ट्रेसबॅक’ ही आज्ञा द्यायची. कोणत्या सूत्राने कोणाला हाक मारली आणि गाडी कुठे अडली, त्याची साखळी समोर येते. अगदी तळाला तुम्ही दिलेली आज्ञा असते, सगळ्यात वर जिथे बिघडलं ती जागा. नवशिके लाल अक्षरं पाहून घाबरतात आणि संदेश न वाचताच दुसरं काहीतरी करून बघतात. संदेश रुक्ष असतो, पण बहुतेक वेळा खरं बोलतो.

आता त्या मुलीच्या तक्त्याकडे येऊ. एका शेतकऱ्याचे दोन तुकडे, २.२० आणि १.३०. दोन्ही मिळून ऊस गेला १७० टन. खरी जमीन ४ एकर १० गुंठे, म्हणजे सव्वाचार एकर. टनेज एकरी ४० पडतं. आर मात्र २.२० आणि १.३० यांची बेरीज ३.५० करते आणि टनेज काढते ४८.५७. कसलीही तक्रार नाही, कसलाही इशारा नाही. आकडाही अशक्य वाटावा असा नाही, म्हणून नजर अडत नाही.

ही चूक दोन्ही बाजूंना सारखी डोलतही नाही. गुंठ्यांना दशांश समजलं की क्षेत्र नेहमी कमीच भरतं. ३९ गुंठे म्हणजे खरं तर ०.९७५ एकर, पण यंत्र धरतं ०.३९. अधूनमधून होणाऱ्या लिहिण्याच्या चुका पुष्कळ शेतकरी घेतले की एकमेकींना खोडतात. ही खोडली जात नाही. पाच हजार शेतकरी घेतले तरी कर्नाटकाचं टनेज फुगलेलंच राहील, उलट आकडे जास्त म्हणून निष्कर्षावरचा विश्वास तेवढा वाढेल. ‘आमच्याकडचा ऊस सरस’ हे वाक्य सीमाभागात किती दिवस चघळलं जाईल, ते सांगायला नको.

ती पकडायची कशी? पहिला उपाय कंटाळवाणा आहे आणि सर्वांत चांगला आहे: एक ओळ निवडा आणि तिचा हिशेब कागदावर करा. दुसरा मला जास्त आवडतो. स्तंभातल्या प्रत्येक आकड्याचा टिंबानंतरचा भाग वेगळा काढा आणि त्याचा आलेख पाहा. खरे दशांश असते तर ते ०० ते ९९ असे सगळीकडे विखुरले असते. इथे ३९ च्या पुढे एकही नाही. आलेखाचा उजवा भाग रिकामा, जणू कोणी कात्रीने कापलेला. आकडे स्वतःच सांगत असतात की आम्ही दशांश नाही, गुंठे आहोत. कोड कितीही वेळा वाचला तरी हे दिसलं नसतं, कारण कोडमध्ये चूक नव्हतीच. आकड्यांचा अर्थ चुकीचा धरला होता.

दुरुस्ती सोपी वाटते. टिंबानंतरचा भाग शंभराने गुणायचा, चाळीसने भागायचा, एकरात मिळवायचा. पण इथे आणखी दोन खड्डे आहेत.

पहिला असा: १.१५ मधून १ वजा करून शंभराने गुणलं की १५ गुंठे यायला हवेत. पडद्यावर १५ च दिसतात. पण त्यातला पूर्णांक तेवढा काढायला सांगा, हाती येतात १४! संगणक अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो. एक-तृतीयांश जसा दशांशात कधी संपत नाही, तसा १.१५ त्या पद्धतीत संपत नाही, आणि साठवलेली किंमत १.१५ च्या किंचित खाली राहते. गुणाकारानंतर उरतात १४.९९९९९९९९९९९९९९१. आर सहसा सातच अंक दाखवते, म्हणून डोळ्यांना १५ दिसतात. पूर्णांक काढणारी आज्ञा मात्र टिंबानंतरचं सगळं उडवून देते. आधी ‘राउंड’ करून, म्हणजे जवळच्या पूर्णांकाला आणून घेतलं तर हा खड्डा चुकतो.

दुसरा खड्डा राउंडनेही बुजत नाही. तक्त्यात कोणी २ एकर २ गुंठे हे २.२ असं लिहिलं, तर संख्या म्हणून वाचताना २.२ आणि २.२० यांत काही फरकच उरत नाही. माहिती वाचतानाच गेली. पुढे कितीही हुशार सूत्र लिहा, ती परत येणार नाही. म्हणून असा स्तंभ संख्या म्हणून वाचूच नये, मजकूर म्हणून वाचावा आणि टिंबापाशी तोडून दोन वेगळे आकडे करावेत. मग १४ आणि १५ चा घोळही होत नाही. जिथे टिंबापुढे एकच अंक असेल तिथे मूळ उतारा मागवण्यावाचून गत्यंतर नाही. टिंबाऐवजी आडवी रेघ वापरून ३-१२ लिहिलं, तर एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं, हा त्यावर कळस.

मजकुराचीही एक जुनी गंमत आहे. टनेजच्या स्तंभात एका घरात ‘अंदाजे ४५’ असं पडलं की अख्खा स्तंभ मजकूर होतो. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपर्यंत आर अशा मजकुराचे आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे क्रमांक दिलेले गट, बनवायची. नंतर त्यांना संख्या करायला गेलं की मूळ आकड्याऐवजी गटाचा क्रमांक यायचा: ४५, ३८, ५२ यांचे २, १, ३. सरासरी टनेज एकरी दोन! जुने कोड आणि जुन्या पुस्तकांतली उदाहरणं वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भाषा हळूहळू कडक होते आहे, हे खरं.

मुकी चूक बोलती करायची असेल तर ‘स्टॉपइफनॉट’ ही आज्ञा वापरावी. गुंठे चाळीसच्या आत, क्षेत्र शून्याहून मोठं, अशा अटी घालून ठेवायच्या. अट मोडली की आर जागेवर थांबते. इशाऱ्यांनाही चूक मानायला सांगता येतं. शंका असेल त्या ओळीआधी ‘ब्राउझर’ लिहिलं की हिशेब मध्येच थांबतो आणि त्या क्षणी कोणत्या नावात काय भरलंय ते विचारता येतं. ‘स्ट्र’ ही छोटी आज्ञा तर तक्ता वाचल्यावर सवयीनेच द्यावी. कोणता स्तंभ संख्या आणि कोणता मजकूर, हे ती एका नजरेत दाखवते.

राहिलं गावांच्या नावांचं. एका तक्त्यात निपाणी आणि चिकोडी, दुसऱ्यात निप्पाणी आणि चिक्कोडी. एकात १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीचं बेळगाव, दुसऱ्यात बेळगावी. ‘मर्ज’ने दोन तक्ते जोडले की न जुळलेल्या ओळी आर बिनबोभाट गाळते. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजाव्यात, आणि गळलेल्या ओळींची यादी मुद्दाम काढून वाचावी. जनगणनेतल्या गावक्रमांकावर जोडणं जास्त भरवशाचं. तरी तालुकावार बेरजा करताना जपा: २०११ च्या जनगणनेत निपाणीची गावं चिकोडी तालुक्यात आहेत, आणि क्रमांक कितीही बरोबर जुळले तरी तिथे निपाणी नावाचा तालुका सापडणार नाही.